नारायण विनायक जगताप यांची दुसरी कथा : मराठी विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि नवोदित कथाकार

प्रास्ताविक

मराठी समीक्षेत नवोदित कथाकाराचा विचार बहुधा उपदेशाच्या अंगाने झालेला आहे. त्याने भरपूर वाचावे, जीवनानुभव घ्यावा, प्रसिद्धीची घाई करू नये, असे त्याला सांगितले जाते. त्याची कथा प्रथम कोण वाचते, कोणत्या निकषावर वाचते आणि पसंत पडल्यास पुढे तिचे काय होते, हे प्रश्न मात्र वाङ्मयबाह्य ठरवून बाजूला ठेवले जातात. सामाजिक वा ग्रामीण कथेच्या बाबतीत हे काही अंशी चालून गेले, कारण त्या कथांना वाङ्मयीन मासिकांचा आणि समीक्षकांचा आधार होता. विज्ञानकथा व अद्भुतकथा यांना तो फारसा लाभला नाही. हे प्रकार स्पर्धा, रंजनप्रधान मासिके आणि दिवाळी अंक यांच्या आश्रयाने वाढले. त्यामुळे प्रवेशाची वाट कशी आहे, हा प्रश्न या प्रकारांच्या स्वरूपाशीच निगडित आहे.

प्रस्तुत लेखात १९७४ मधील एका प्रसिद्ध घटनेच्या आधारे या वाटेचा विचार केला आहे. ही घटना सर्वपरिचित आहे; परंतु ती सहसा एका थोर शास्त्रज्ञाच्या विनयाची आठवण म्हणून सांगितली जाते. नवोदिताच्या बाजूने ती वाचली असता तिचा अर्थ बराच बदलतो. हा बदललेला अर्थ तपासण्यासाठी भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातले चिखला हे मॅंगनीजच्या खाणीचे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. प्रयोगशाळा, विद्यापीठ आणि प्रकाशनसंस्था यांपासून दूर असलेल्या अशा गावातून कोणी विज्ञानकथा लिहू लागले, तर त्या लेखनाला कोणती दारे उघडी आहेत, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

उलटी आद्याक्षरे

मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली मुंबईत झाली. विज्ञानाचा प्रसार मराठीतून व्हावा हा तिचा हेतू होता आणि त्या हेतूचा एक भाग म्हणून परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. १९७४ च्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर उलगडा झाला की, हे लेखक म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर होत. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून त्यांनी हे टोपणनाव तयार केले होते. हस्ताक्षर ओळखीचे निघू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी आपल्या हस्ताक्षरात केली होती.

ही खबरदारी अनाठायी नव्हती. १९६५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आतबाहेर पद्मभूषण मिळालेले, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासमवेत संशोधन केलेले आणि १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले नारळीकर तोपर्यंत घरोघरी माहीत झाले होते. स्वतः हॉइल हे विज्ञानकादंबरीकार होते; त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. अशा लेखकाची कथा त्याच्या नावासह परीक्षकांपुढे आली असती, तर तिचा निकाल वाचनाआधीच लागण्याचा संभव होता. नारळीकरांनी ही शक्यता ओळखली आणि नाव दूर ठेवून केवळ संहितेवर निर्णय व्हावा अशी व्यवस्था केली.

पुढील घटनाक्रमही लक्षणीय आहे. ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी त्यांना लेखनासाठी उत्तेजन दिले. १९७५ च्या कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. १९७९ मध्ये मौज प्रकाशन गृहाकडून ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या त्यानंतरच्या. २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा प्रकृतीच्या कारणाने ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. तरीही विज्ञानकथा मराठी साहित्याच्या मध्यवर्ती व्यासपीठावर आल्याची ती पावती होती. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. एका स्पर्धेतल्या कथेपासून संमेलनाध्यक्षपदापर्यंतचा हा प्रवास सुमारे अर्ध्या शतकाचा आहे.

दोन जगताप

या प्रवासात एक फरक नजरेआड होतो. पारितोषिक जगतापांना मिळाले. परंतु त्यानंतर जी निमंत्रणे आली, जी दखल घेतली गेली आणि जो संग्रह निघाला, ते सर्व नारळीकरांच्या नावावर घडले. पहिली कथा निनावीपणाच्या कसोटीवर उतरली, यात शंका नाही. दुसऱ्या कथेला मात्र ती कसोटी द्यावी लागली नाही. जगताप हे खरोखरीचे जगताप असते, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावी कारकुनी किंवा शिक्षकी करणारे कोणी गृहस्थ असते, तर ‘कृष्णविवर’ ही कथा तितकीच चांगली राहिली असती आणि तिला पहिले पारितोषिकही मिळाले असते. त्यांची दुसरी कथा कोणी मागितली असती काय, हे मात्र सांगता येत नाही.

हा आक्षेप नारळीकरांवर नाही. त्यांनी स्वतः होऊन नावाचा फायदा नाकारला आणि असे करणारे लेखक कोणत्याही भाषेत थोडेच असतात. आक्षेप आहे तो या घटनेतून साहित्यव्यवहाराने काढलेल्या निष्कर्षावर. ‘गुणवत्ता असेल तर दार उघडते’ असा तो निष्कर्ष. घटना वस्तुतः इतकेच सिद्ध करते की, नाव झाकले तर दार एकदा उघडते. ते पुन्हा उघडण्यासाठी काय लागते, याविषयी ही घटना काहीच सांगत नाही.

अन्य भाषांतील दोन उदाहरणे येथे तुलनेस घेता येतील. १८९६ मध्ये बंगालमध्ये ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकाने कथास्पर्धा घेतली आणि तिचे पारितोषिक जगदीशचंद्र बसू यांच्या कथेला मिळाले. तेलाने वादळ शमते ही कल्पना त्या कथेत आहे. म्हणजे भारतीय भाषांतील विज्ञानकथेच्या आरंभीही एक स्पर्धा आणि एक नामांकित शास्त्रज्ञ दिसतात. दुसरे उदाहरण अमेरिकेतले. अॅलिस शेल्डन या लेखिकेने १९६८ पासून जेम्स टिप्ट्री ज्युनिअर या पुरुषी नावाने विज्ञानकथा प्रसिद्ध केल्या आणि ते नाव सुमारे दशकभर टिकवले. या काळात संपादकांनी टिप्ट्रीकडून दुसरी, तिसरी, दहावी कथा घेतली ती निव्वळ आधीच्या कथेच्या बळावर. म्हणजे निनावी लेखकाची दुसरी कथा छापणारी मासिके तेथे होती. मराठीतील नवोदिताला कशाची उणीव आहे, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

‘विज्ञान’ या पूर्वपदाचे ओझे

मराठी विज्ञानकथेचा इतिहास परिषदेच्या स्पर्धेपूर्वीचा आहे. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. अनंत अंतरकर यांच्या ‘नवल’ने अद्भुत, गूढ आणि वैज्ञानिक अशा तिन्ही छटांच्या कथांना एकाच छताखाली जागा दिली. ‘नवल’च्या वाचकाला गूढकथा कोठे संपते आणि विज्ञानकथा कोठे सुरू होते, याची चिंता नव्हती.

सत्तरच्या दशकानंतर ही सीमारेषा आखली गेली. स्पर्धा विज्ञानप्रसाराचे कार्य करणाऱ्या संस्थेची असल्याने कथेतील विज्ञान अचूक असावे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. या अपेक्षेचे दोन परिणाम झाले. पहिला परिणाम हितकारक होता. कथेला वैचारिक शिस्त आली आणि विज्ञान व्यवसाय म्हणून जाणणारी माणसे लेखनाकडे वळली. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ, सुबोध जावडेकर रसायन अभियंते, निरंजन घाटे भूशास्त्राचे अभ्यासक. लक्ष्मण लोंढे, अरुण मांडे, शुभदा गोगटे यांच्या लेखनाने या प्रवाहाला भर घातली. १९९३ मध्ये फोंडके यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय विज्ञानकथांचे इंग्रजी संकलन संपादित केले, तेव्हा त्यात मराठीचा वाटा ठळक होता.

दुसरा परिणाम असा की, कथेचे मूल्यमापन आणि विज्ञानाच्या माहितीचे मूल्यमापन यांत गल्लत होऊ लागली. ‘कथा’ हे नाम आणि ‘विज्ञान’ हे त्याचे पूर्वपद. पण व्यवहारात पूर्वपदच प्रबळ झाले. पात्र उभे राहिले का, संघर्ष खरा वाटतो का, शेवट कथेतून निघाला की वरून लादला, हे प्रश्न मागे पडले. विज्ञानशाखेची पदवी नसलेल्या नवोदिताच्या मनात यातून एक संकोच निर्माण होतो. आपल्याला हे लिहिण्याचा अधिकार आहे का, असे तो स्वतःलाच विचारू लागतो. ग्रामीण कथा लिहिणाऱ्याला शेतकी महाविद्यालयाचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. विज्ञानकथाकाराला मात्र अप्रत्यक्षपणे ते मागितले जाते.

अद्भुतकथेची स्थिती याहून बिकट झाली. विज्ञानाचा आधार नाही म्हणून एका बाजूने ती बाहेर, आणि वास्तवाचा आधार नाही म्हणून दुसऱ्या बाजूनेही बाहेर. नारायण धारप यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. विपुल लेखन आणि मोठा वाचकवर्ग असूनही समीक्षेने त्यांची दखल क्वचितच घेतली. त्यांच्या कथांवरील पाश्चात्त्य छाया कोणती, त्यांनी तिचे मराठीकरण कसे केले, वाडा, आजी, माजघर यांना भयाचे रूप कसे दिले, या अभ्यासास योग्य प्रश्नांकडे दुर्लक्ष झाले. धारप २००८ मध्ये निवर्तले. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा असल्याची चर्चा देशभर झाली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राच्या तोंडून धारपांची कथा प्रथम ऐकल्याचे सांगितले आहे. नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. समीक्षेने न टिपलेली कथा मौखिक परंपरेने जंगलापर्यंत पोहोचते आणि पंचवीस वर्षांनी पडद्यावर येते, यावरून या प्रकाराचे सामर्थ्य आणि समीक्षेची मर्यादा दोन्ही लक्षात येतात.

आशयाची भूमी

नारळीकरांच्या कथांचे यश केवळ अचूक विज्ञानात नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. भौतिकशास्त्रातील अनिश्चिततेची कल्पना तेथे आहे. पण वाचक हेलावतो तो १७६१ च्या जखमेमुळे. ही कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली. तथापि तिचा पूर्ण अर्थ मराठी वाचकालाच लागतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीसाठी देवघरातली मूर्ती येते. ‘धूमकेतू’मध्ये आकाशातील संकटाला वैज्ञानिक उपायाने तोंड दिले जात असताना घरात यज्ञाचा घाट घातला जातो, आणि श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न वाचकापुढे राहतो. या तिन्ही कथांत विज्ञान बाहेरून आणलेले नाही. वाचकाच्या घरात आधीपासून असलेल्या वस्तूवर त्याचा प्रकाश पडतो.

नवोदितांच्या पुष्कळ कथा नेमक्या येथे अडखळतात. दूरचा ग्रह, परदेशी वाटावे असे यंत्रमानवाचे नाव, तेविसावे वा चोविसावे शतक आणि शेवटी माहितीचे लांबलचक भाषण, असा एक साचा तयार झाला आहे. हा दोष प्रतिभेच्या अभावाचा मानणे अन्यायाचे होईल. आपल्या परिसरात विज्ञानकथेचे द्रव्य असू शकते, हे त्या लेखकाला कोणी सांगितलेलेच नसते.

चिखला : एक उदाहरण

चिखल्याच्या भूमीत मॅंगनीज आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळ म्हणून साचलेले थर पुढे उष्णतेने व दाबाने रूपांतरित झाले आणि त्यातून हे खनिज घडले. लुईस फर्मर या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातील मॅंगनीजवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या पट्ट्याचे वर्णन आहे. येथील एका खडकाला त्याने गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. १९५० च्या दशकात चिखल्यात सापडलेल्या एका खनिजाला गावावरून ‘चिक्लाइट’ म्हटले गेले. आजच्या खनिजनामावलीत मात्र त्याला स्वतंत्र स्थान नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मॅंगनीज ओअर इंडिया, म्हणजेच आजच्या मॉयल, या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे येथील भूमिगत खाण आहे. खनिज काढून झालेली पोकळी वाळूने भरत वर सरकावे, ही अशा खाणींतील प्रचलित पद्धत. जवळच्या डोंगरी बुजुर्ग येथील खनिज बॅटरीच्या सेलसाठी वापरले जाते, तर पोलादाच्या निर्मितीला मॅंगनीजवाचून गत्यंतर नाही.

म्हणजे विज्ञान येथे पाठ्यपुस्तकातून आलेले नाही. ते पाळीच्या भोंग्याबरोबर येते आणि अंगाला चिकटलेल्या काळ्या धुळीसारखे घरी परतते. पृथ्वीच्या पोटातला काळ, माणसाने केलेली पोकळी, ती भरण्यासाठी आणलेली वाळू, खडकाला मिळालेले आणि पुढे गळून पडलेले गावाचे नाव, यांपैकी प्रत्येक गोष्ट विज्ञानकथेचे बीज आहे. जोडीला मालगुजारी तलाव, धानाची बांधी, वैनगंगेवरील गोसीखुर्दचे धरण आणि विस्थापन, वाघ आणि माणूस यांचा संघर्ष असा ऐवज याच जिल्ह्यात आहे. अद्भुताची परंपरा तर दंडार आणि खडीगंमत यांतून जिवंत आहे. रात्रभर चालणाऱ्या दंडारीत देव, राक्षस आणि गावचा माणूस एकाच अंगणात वावरतात आणि प्रेक्षकाला त्यात काही विसंगत वाटत नाही.

समजा, चिखल्यातील एखाद्या खाणकामगाराच्या मुलीने अशी कथा लिहिली. तिच्यापुढे पहिला प्रश्न भाषेचा असेल. संवाद झाडीबोलीत लिहावेत, तर ‘ण’ऐवजी आलेला ‘न’ परीक्षकाला अशुद्धलेखन वाटण्याची भीती असते. प्रमाण मराठीत लिहावेत, तर खाणीतला माणूस पुस्तकी बोलू लागतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणि झाडीबोलीच्या साहित्य संमेलनांनी या बोलीला कविता, नाटक व कथा यांत प्रतिष्ठा मिळवून दिली. विज्ञानकथेत मात्र बोली सहसा शिपाई, मोलकरीण किंवा अडाणी गावकरी यांच्या वाट्याला येते; शास्त्रज्ञ प्रमाण भाषेतच बोलतो. भविष्यकाळात झाडीबोली उरणार नाही, असे गृहीतच जणू या रूढीत दडलेले आहे. ते गृहीत मोडणारी कथा आली, तर ती आशयाइतकीच भाषेच्या दृष्टीनेही नवी ठरेल.

दुसरा प्रश्न परतीच्या टपालाचा आहे. कथा नापसंत झाली तर का, हे तिला कळणार नाही. आयझॅक अॅसिमॉव्ह अठरा वर्षांचे असताना, १९३८ मध्ये, आपली पहिली कथा घेऊन जॉन कॅम्पबेल या संपादकाकडे गेले. कॅम्पबेल यांनी ती नाकारली. परंतु नाकारण्यामागची कारणे विस्ताराने सांगितली. अॅसिमॉव्ह यांची पहिली कथा १९३९ मध्ये दुसऱ्याच मासिकात छापून आली. येथे घडविणारी गोष्ट पारितोषिकाची नव्हती. सकारण नकाराची होती. मराठीत स्पर्धा पारितोषिक देते, दिवाळी अंक वर्षातून एकदा जागा देतो. सकारण नकार देणारी जागा मात्र जवळपास नाही.

महाविद्यालयांची जबाबदारी

ही जागा महाविद्यालये निर्माण करू शकतात, हा मुद्दा प्राध्यापकवर्गाने गांभीर्याने घेण्याजोगा आहे. ग्रामीण भागातील नवोदिताची पहिली कथा बहुधा महाविद्यालयाच्या वार्षिकांकाकडे येते आणि तिचा पहिला वाचक मराठीचा प्राध्यापक असतो. वार्षिकांकासाठी आलेली कथा विद्यार्थ्याच्या नावासह, वर्गासह आणि पुष्कळदा त्याच्याविषयीच्या पूर्वग्रहासह वाचली जाते. विज्ञानकथा असेल तर मराठी विभाग ती विज्ञान विभागाकडे पाठवतो आणि विज्ञान विभाग त्यातील चुका काढून परत करतो. कथा म्हणून ती कोणीच वाचत नाही.

यावर उपाय खर्चिक नाहीत. कथा निनावी करून दोन विभागांच्या दोन अध्यापकांनी स्वतंत्रपणे वाचावी. नाकारलेल्या प्रत्येक कथेसोबत निदान अर्धे पान कारणे द्यावीत. निवडलेल्या लेखकाकडून पुढील वर्षाची वाट न पाहता दुसरी कथा मागून घ्यावी. बोलीतील संवाद शुद्धलेखनाच्या नियमांनी दुरुस्त करू नयेत. अभ्यासक्रमात विज्ञानकथेचे घटक शिकवताना ‘नवल’च्या परंपरेतील अद्भुतकथाही शेजारी ठेवावी, म्हणजे या दोन प्रकारांतील भिंत कोणत्या काळात आणि कशासाठी बांधली गेली, हे विद्यार्थ्याला उमजेल.

निष्कर्ष

१. १९७४ ची घटना निनावी मूल्यमापनाची उपयुक्तता सिद्ध करते. नवोदिताला समान संधी असल्याचे ती सिद्ध करत नाही. पारितोषिकानंतरचा प्रवास नावाच्या आधारे झाला.

२. विज्ञानप्रसाराच्या हेतूने उघडलेल्या दाराने मराठी विज्ञानकथेला शिस्त दिली. त्याचबरोबर कथेच्या निकषांवर माहितीच्या निकषांचे वर्चस्व आले आणि अद्भुतकथा बाहेर राहिली.

३. या प्रकारातील टिकाऊ कथा वाचकाच्या स्मृतीत आणि घरात रुजलेल्या आहेत. त्या दृष्टीने चिखल्यासारख्या गावाजवळचे द्रव्य महानगराच्या द्रव्याहून कमी नाही.

४. नवोदिताला पारितोषिकाइतकीच सकारण नकाराची आणि दुसऱ्या कथेच्या मागणीची गरज असते. ही गरज महाविद्यालये भागवू शकतात.

नारळीकरांनी जगताप हे नाव एका कथेपुरते धारण केले आणि काम होताच ते बाजूला ठेवले. ज्यांना दुसरे नावच नाही, असे अनेक जगताप मराठीत लिहीत आहेत. मराठी विज्ञानकथेची पुढील वाटचाल त्यांची दुसरी कथा कोणी मागून घेते की नाही, यावर अवलंबून राहील.